अकरा क्लबांच्या यादीत नाव, तरीही एकटी

पत्र लिहिणारी विद्यार्थिनी अमेरिकेतल्या एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत जीवशास्त्र शिकते आहे. दुसरं वर्ष, विद्यार्थ्यांना मिळणारा एफ-१ व्हिसा, आणि प्रवेशाच्या वेळीच तिथल्या ऑनर्स कॉलेजमध्ये, म्हणजे निवडक विद्यार्थ्यांसाठीच्या खास अभ्यासक्रमात, निवड झालेली. स्कॉलरशिप टिकवायची तर जीपीए, म्हणजे चारपैकी मोजली जाणारी गुणांची सरासरी, ३.५ च्या खाली जाता कामा नये. आजवर तो ३.९ आहे. ऑनर्स ऑफिसकडून दर सोमवारी संधींची लांबलचक ईमेल येते आणि ती उघडली की हिच्या पोटात गोळा येतो. पहिल्या वर्षी क्लबांच्या मेळाव्यात तिने अकरा ठिकाणी नाव नोंदवलं, पण एकाही ठिकाणी ती दुसऱ्यांदा गेली नाही. रूममेट दोन संघटनांची अध्यक्ष आहे. उन्हाळ्यातल्या एका संशोधन योजनेचा अर्ज भरत भरत शेवटच्या पानावर आली, तेव्हा कळलं की ती योजना फक्त अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवाशांसाठी आहे. घरून आई-बाबा सांगतात, ‘बाकीचं राहू दे, अभ्यास सांभाळ.’ गेल्या महिन्यात ऑनर्सच्या ॲडव्हायझरने विचारलं, ‘कॅम्पसवर कशाकशात भाग घेतेस?’ तेव्हापासून तिला वाटतंय की आपण ऑनर्सच्या लायकच नाही. ती विचारते: आता उशीर झालाय का? की ऑनर्स सोडूनच द्यावं?

तुझ्या पत्रातल्या एका ओळीवर मी बराच वेळ थांबले. तू लिहिलंयस, ‘मी फोन काढून क्लबांची नावं वाचून दाखवली, आणि वाचताना लक्षात आलं की यातला एकही क्लब कुठल्या खोलीत भरतो हे मला सांगता येणार नाही.’

मी अशाच एका विद्यापीठात बरीच वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि ऑनर्सच्या मुलांच्या आढावा बैठकांना टेबलाच्या पलीकडे बसले. त्यामुळे खात्रीने सांगते, ॲडव्हायझरच्या त्या प्रश्नात तुला ऐकू आला तसा आरोप नसतो. नावं किती निघतात हे आम्ही मोजत नसू. मूल कुठल्या गोष्टीबद्दल बोलताना जरा पुढे सरकून बसतं, तेवढंच बघत असू. ज्यांच्या तोंडून आठ-आठ संघटनांची नावं आली आणि चेहऱ्यावर काहीच हललं नाही, अशीही मुलं मी पाहिली आहेत. त्यांची काळजी जास्त वाटायची.

आधी ती सोमवारची ईमेल. ती लिहिणारा माणूस शेकडो, कधी हजारावर विद्यार्थ्यांसाठी एकच पत्र लिहीत असतो. संगीतवाले, इंजिनियरिंगवाले, कायद्याला जायचं ठरवलेले, सगळे त्यात आले. स्टेशनवर सगळ्या गाड्यांची घोषणा होते, म्हणून आपण प्रत्येक गाडी चुकवली असं म्हणत नाही. त्या वीस ओळींतल्या अठरा तुझ्यासाठी नाहीतच. उरलेल्या दोन शोधायच्या, बाकीची ईमेल बंद करायची. तू मात्र दर सोमवारी वीस गाड्या चुकवल्याचं दुःख करतेस, आणि ते करता करता त्या दोनही निघून जातात.

आता ‘सहभाग’ या शब्दाकडे जरा नीट बघू. अलेक्झांडर ॲस्टिन नावाच्या अभ्यासकाने १९८४ साली विद्यार्थ्यांच्या सहभागाविषयी एक मांडणी केली. कॉलेजांतले सल्लागार आजही ज्या भाषेत बोलतात, तिची मुळं बरीचशी तिथे आहेत. त्याच्या लेखी सहभाग म्हणजे विद्यार्थी आपल्या शिक्षणाच्या अनुभवात किती शारीरिक आणि मानसिक शक्ती घालतो ते. यादीत नाव असणं त्यात येतच नाही. शक्ती ही मोजकी गोष्ट आहे. एकीकडे गेली की दुसरीकडे कमी पडणारच. अकरा ठिकाणी नाव घातलंस तेव्हाच ठरून गेलं होतं की एक ना धड, भाराभर चिंध्या. यात तुझा आळस नाही. पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या आठवड्यात, परक्या देशात, प्रत्येक टेबलामागून कोणीतरी हसून पेन पुढे करत असताना ‘नको’ म्हणणं कठीण असतं.

माझी कसोटी साधी आहे. येत्या गुरुवारी तू आली नाहीस, तर कोणी विचारील का, ‘ती आज कुठे आहे?’ असं विचारणारी एक जागा कॅम्पसवर असली की मी त्याला सहभाग म्हणेन. दोन असल्या तर उत्तम. तिसरीची गरज क्वचितच असते.

आणि अशी जागा घडवण्यासाठी ऑनर्सइतकी सोयीची गोष्ट दुसरी नाही. मात्र ऑनर्स म्हणजे छातीवरचं पदक, ही समजूत सोडावी लागेल. अमेरिकेतल्या या पद्धतीचा उगम सांगताना स्वार्थमोर कॉलेजचं नाव हमखास घेतलं जातं. तिथले अध्यक्ष फ्रँक एडलॉट स्वतः ऑक्सफर्डमध्ये शिकून आले होते, आणि १९२२ साली त्यांनी तिथे ऑनर्सचे वर्ग सुरू केले. मोजकीच मुलं, व्याख्यानाऐवजी चर्चा, आणि शेवटी परीक्षा घ्यायला बाहेरून आलेले परीक्षक. शिकवणारा आणि शिकणारा मग एकाच बाजूला येतात, कारण तपासणारा तिसराच असतो. मोठ्या विद्यापीठांनी ही कल्पना पुढे आपापल्या परीने उचलली. मुद्दा तोच राहिला: हजारोंच्या गर्दीत एक लहान खोली, जिथे तुझं नाव माहीत असतं. तू त्या खोलीची किल्ली खिशात घेऊन बाहेर थंडीत उभी आहेस.

आत जाण्याचा सगळ्यात सोपा दरवाजा कोणता, तर ज्याला बहुतेक ठिकाणी ‘ऑनर्स कॉन्ट्रॅक्ट’ म्हणतात तो. तुमच्याकडे नाव वेगळं असेल, चौकशी कर. नेहमीच्याच एखाद्या विषयात प्रोफेसरांशी बोलून जास्तीचं काम ठरवायचं, त्याचा अर्ज सेमिस्टरच्या सुरुवातीच्या आठवड्यांत भरायचा, आणि तो विषय तुझ्या नावावर ऑनर्सचा म्हणून चढतो. वेगळा वर्ग नाही, वेगळा क्लब नाही. बहुतेक मुलं हे काम ‘आणखी एक निबंध’ म्हणून उरकून टाकतात आणि मला त्याची हळहळ वाटते, कारण प्रोफेसरांच्या प्रत्यक्ष कामात शिरायचं हे अधिकृत निमित्त असतं.

एक उदाहरण देते. माझ्या वर्गात एक अबोल मुलगी होती. कॉन्ट्रॅक्टसाठी काय करू म्हणून विचारायला आली. मी तिला हर्बेरियममध्ये नेलं. हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचं ग्रंथालय. लोखंडी कपाटांत जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्यांमध्ये कितीतरी वर्षांपूर्वी गोळा केलेल्या फांद्या तशाच पडून होत्या. घडी हलक्या हाताने उघडायची, साडेअकरा बाय साडेसोळा इंचांच्या जाड कागदावर फांदी मांडायची, पानाची एक वरची आणि एक खालची बाजू दिसेल अशी. मग डिंक, खोडावर कापडी पट्टी, गळून पडलेल्या बिया एका कागदी पुडीत, आणि उजव्या कोपऱ्यात खाली लेबल: कुठे मिळाली, कोणी तोडली, कोणत्या तारखेला. पहिले तीन आठवडे ती फक्त डिंक लावत होती. चौथ्या आठवड्यात तिने विचारलं, ‘ही सगळी फुलं एप्रिलच्या अखेरची आहेत. आता ही झाडं कधी फुलतात?’

तो प्रश्न माझा नव्हता, तिचा होता. जुन्या नमुन्यांवरच्या तारखा आणि आजचा फुलोरा यांची तुलना करून हवामानातले बदल शोधणं ही संशोधनाची रीतसर वाट आहे, पण तिला ते तेव्हा माहीत नव्हतं. त्या एका कॉन्ट्रॅक्टमधून पुढे तिचा ऑनर्स थीसिस, म्हणजे संशोधन प्रबंध, उभा राहिला. आणि गुरुवारी दुपारी ती आली नाही, तर हर्बेरियमचे व्यवस्थापक मला फोन करत.

म्हणून तू आधी माणूस शोध, संधी त्याच्या मागून येते. हार्वर्डचे रिचर्ड लाइट यांनी विद्यार्थ्यांच्या दीर्घ मुलाखती घेऊन बरंच काम केलं आहे. ते नव्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगत: दर सेमिस्टरला एका प्राध्यापकाशी बऱ्यापैकी ओळख करून घे, आणि त्यालाही तुझी होऊ दे. चार वर्षांत आठ सेमिस्टर. निम्म्या वेळा जमलं नाही असं धरलं तरी चार माणसं होतात. पुढच्या शिक्षणासाठी शिफारसपत्रं लागतात तीन. तुझी तीन सेमिस्टर गेली असली तरी पाच बाकी आहेत. ‘उशीर झाला का’ याचं उत्तर या हिशेबातच आलं.

ऑफिस अवर्सना, म्हणजे प्रोफेसरांच्या ठरलेल्या भेटीच्या वेळेत, जायला तुला संकोच वाटतो, कारण ‘विचारण्यासारखं काही नसतं’. आपल्याकडे शिक्षकांच्या खोलीत जायचं ते चूक झाली म्हणून किंवा बोलावलं म्हणून, त्यामुळे हा संकोच मला पुरता कळतो. पण प्रोफेसर त्या तासाला दार उघडं ठेवून बसलेले असतात, आणि परीक्षेचा आठवडा सोडला तर बहुतेक वेळा एकटेच असतात. मोठा प्रश्न नेऊ नकोस. त्यांच्या वर्गातलं एक वाक्य घेऊन जा: ‘तुम्ही मंगळवारी म्हणालात की याचं कारण अजून नीट कळलेलं नाही. मग लोक ते शोधतायत कसं?’ एवढं पुरे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत मात्र ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. सरळ सांग: मला तुमच्या लॅबमध्ये काम शिकायचं आहे, आठवड्याला पाच तास देता येतील, सुरुवातीला बाटल्या धुवायचीही तयारी आहे. नकार आला तर विचार, ‘मग मी कोणाकडे जाऊ?’ त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक मिळतंच.

बंद झालेल्या दाराबद्दल तू फक्त एक ओळ लिहिलीस, पण मला वाटतं खरी कळ तिथेच लागली आहे. रात्र रात्र जागून अर्ज भरायचा आणि शेवटच्या पानावर ‘तू चालत नाहीस’ हे वाचायचं, यात वाईट वाटण्यासारखं आहेच, ते गिळून टाकू नकोस. मात्र यापुढे पात्रतेची अट पहिल्यांदा वाचायची. अमेरिकी सरकारच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पैशांवर चालणाऱ्या उन्हाळी संशोधन योजना, ज्यांना आरईयू म्हणतात, त्यांत त्या निधीतून घेतले जाणारे विद्यार्थी नागरिक किंवा कायम रहिवासीच असावे लागतात. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठीच्या गोल्डवॉटर स्कॉलरशिपचंही तसंच. सोमवारच्या ईमेलमध्ये ही नावं दिसली की पुढे सरकायचं.

उघडी दारं शोधायला मग वेळ उरतो. १९६९ साली एमआयटीत मार्गारेट मॅकव्हिकर यांनी पदवीच्या विद्यार्थ्यांना थेट प्राध्यापकांच्या संशोधनात घेण्याची योजना सुरू केली. तशा योजना आता कितीतरी विद्यापीठांत आहेत, आणि विद्यापीठाच्या स्वतःच्या पैशांतून दिलेल्या मदतीला नागरिकत्वाची अट असेलच असं नाही. ‘अंडरग्रॅज्युएट रिसर्च’ नावाची कचेरी तुमच्याकडे असेल, तिथे स्पष्ट विचार: एफ-१ वर असलेल्या विद्यार्थ्याला यातलं काय काय मिळतं? क्रेडिटसाठी केलेलं, म्हणजे पदवीच्या अभ्यासात मोजलं जाणारं संशोधन हा आणखी एक मार्ग. झालेलं काम मांडायला पदवीच्या विद्यार्थ्यांची राष्ट्रीय परिषद १९८७ पासून भरते आहे, आणि नॅशनल कॉलेजिएट ऑनर्स कौन्सिलच्या वार्षिक अधिवेशनातही ऑनर्सचे विद्यार्थी आपलं काम मांडतात. जाण्यायेण्याचा खर्च देता येईल का, हे ऑनर्स ऑफिसला विचारायला लाजू नकोस. बोलणाऱ्याची बोरं विकतात.

व्हिसाचं मात्र काटेकोर. सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. लॅबमधलं पगारी काम आणि ग्रंथालयातली नोकरी दोन्ही असतील तर तास एकत्र धरतात. कॅम्पसबाहेरच्या इंटर्नशिपला आधी परवानगी लागते, आणि अभ्यासक्रमाचा भाग म्हणून करायची झाली तर साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावरच. तू आता त्या टप्प्याच्या पुढे आहेस. सगळ्यात जास्त घोळ होतो तो बिनपगारी कामात. एरवी ज्या कामाला पगार मिळतो ते ‘मी फुकट करते’ म्हटलं की स्वयंसेवा होत नाही. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कचेरीत आधी विचार आणि उत्तर ईमेलवर घे. तोंडी ‘काही हरकत नाही’ यावर काम सुरू करू नकोस, सांगणारा कितीही मोठा प्रोफेसर असो.

रूममेटचं थोडक्यात. ती दोन संघटनांची अध्यक्ष आहे, चांगलं आहे, तिला ते मनापासून आवडत असेल. तुला आवडायलाच हवं असं नाही. अध्यक्षपद हा सहभागाचा एक प्रकार आहे, सगळ्यात मोठा प्रकार नव्हे. ऑनर्सच्या विद्यार्थी मंडळात बैठकीची टिपणं लिहिणारा माणूस कायम हवा असतो, आणि वर्षभर टिपणं लिहिणाऱ्याला मंडळाची सगळी नाडी कळते. ऑगस्टमध्ये नव्याने येणाऱ्या मुलांना सोबत करणारे मार्गदर्शक विद्यार्थीही नेमतात. परदेशातून आलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात काय वाटतं हे तुझ्याइतकं कोणाला कळणार? आणि ऑनर्सच्या जगात ‘सिटी ॲज टेक्स्ट’ नावाची एक सुंदर पद्धत आहे. तीन-चार जणांच्या गटाने शहराच्या एका भागात पायी हिंडायचं, बघायचं, लोकांशी बोलायचं, आणि परत येऊन जे दिसलं ते लिहायचं. तुमच्याकडे असं काही होत असेल तर पहिलं नाव तुझं घाल. तुझ्या पत्रावरून मला वाटतं, तू बघणारी मुलगी आहेस.

‘अमुक ऑनर सोसायटीत (गुणवंत विद्यार्थ्यांच्या संस्थेत) तुमची निवड झाली आहे, शुल्क भरा’ अशा ईमेलही येत असतील. फाय बीटा कॅपासारखी १७७६ सालची जुनी, मान्यवर संस्था वेगळी; तिथे निवड तुमच्याच कॉलेजच्या शाखेतून होते. बाकी कोणी पैसे मागितले तर भरण्याआधी ऑनर्स ऑफिसला दाखव.

आता आई-बाबा. ‘अभ्यास सांभाळ’ हे ते चुकीचं सांगत नाहीत. स्कॉलरशिप गेली तर काय होईल, ही काळजी त्यांना तिथे बसून एकट्यानेच करावी लागते. त्यांना उपदेश करू नकोस, हिशेब दाखव. सेमिस्टरला १५ क्रेडिट म्हणजे आठवड्याला साधारण १५ तास वर्ग, आणि एका तासामागे दोन तास अभ्यास धरला तर एकूण ४५. रोज आठ तास झोप म्हणजे ५६. आठवड्याचे तास १६८. उरतात ६७. त्यातून जेवणखाण, कपडे धुणं, येणंजाणं, घरी फोन, आणि नुसतं पडून राहणं, सगळं वजा कर. पाच तास तरीही निघतात. लॅबमधले हे पाच तास अभ्यासाच्या बाहेरचे नाहीत, ज्या विषयासाठी मला पाठवलंत त्याच विषयात मी ते घालते आहे, असं सांग. जीवशास्त्रातली पुढची दारं नुसत्या गुणांवर उघडत नाहीत, लॅबमध्ये काय केलं हेही विचारतात, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसेल. परीक्षेच्या दोन आठवड्यांत पाचाचे दोन तास करायचे, हे प्रोफेसरांशी सुरुवातीलाच बोलून ठेव.

ऑनर्स सोडावं का? सोडण्यात कमीपणा नाही, हे आधी सांगते. पदवी पदवीच राहते, आणि थीसिस लिहिण्यात ज्याला रस नाही त्याने तो ओढूनताणून लिहू नये. पण तुला सोडावंसं वाटतंय ते वेगळ्याच कारणाने. तुला सेमिनार आवडतात. उत्क्रांतीवरच्या सेमिनारबद्दल तू अर्धं पान लिहिलंयस, क्लबांबद्दल तीन ओळी. म्हणजे ऑनर्सचा गाभा तुला आधीच आवडलाय आणि त्याभोवतीच्या गोंगाटाने तू दमलीयस. मग गोंगाट सोड. सोडण्याचा विचार करायचाच तर तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर कर, थीसिसचा विषय ठरायची वेळ येईल तेव्हा. तोवर एका माणसाकडे, एका खोलीत, एक पूर्ण सेमिस्टर नेमाने जाऊन बघ. पी हळद अन् हो गोरी असं होणार नाही. पहिले तीन आठवडे डिंकच लावायचा असतो.

या आठवड्यात एवढं कर. अकरापैकी दहा क्लबांच्या यादीतून नाव काढ. कुठला एक ठेवायचा, हे तुला आत्ता वाचतानाच कळलं असेल. उत्क्रांतीचा सेमिनार घेणाऱ्या प्रोफेसरांना चार ओळींची ईमेल पाठव: सेमिनारमधला कोणता भाग मनात राहिला, ऑफिस अवर्सना येऊ का, आणि पुढच्या सेमिस्टरला त्यांच्या विषयात ऑनर्स कॉन्ट्रॅक्ट करता येईल का. रात्री अकराला लिहिलीस तर रात्रीच पाठव. सकाळी पुन्हा वाचलीस तर खोडशील.

आणि ॲडव्हायझरना परत भेट. त्यांना फोनवरची यादी वाचून दाखवू नकोस. मला लिहिलंयस ते सांग: यातल्या एकाही खोलीचा रस्ता मला माहीत नाही, मला एक खोली शोधून द्याल का?